आधी कागद, मग हात

ज्यांच्या घरी कुणी अपंगत्वाच्या दाखल्याची वाट बघत बसलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. बाकीच्यांनी वाचलं तरी माझी हरकत नाही. मी बारावी पास बाई आहे आणि डाव्या अंगठ्याने मोबाईलवर एकेक अक्षर दाबते आहे, त्यामुळे पाल्हाळ लावणार नाही. लावायला तेवढी बोटंच चालत नाहीत.

आजाराआधी मी लांब पोळ्या करायची. नागपूरकरांना हे सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. या पोळीची कणीक इतकी सैल असते की तिला पोळपाट-लाटणं चालत नाही. गोळा हातावर घ्यायचा, या हातावरून त्या हातावर झेलत झेलत कोपरापर्यंत लांबवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर पसरायचा. सगळं काम हातांचं. मला हे माझ्या सासूने शिकवलं. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. मनीषनगरात कुणाकडे साखरपुडा, वाढदिवस, मटणाची पंगत असली की आम्हा सासू-सुनेला बोलावणं यायचं. मडक्याच्या त्या बाजूला आत्याबाई, या बाजूला मी. माझी पोळी त्यांच्या पोळीपेक्षा पातळ व्हायला लागली तेव्हा त्या आठवडाभर माझ्याशी नीट बोलल्या नव्हत्या. मग बायांना स्वतःच सांगत सुटल्या, "माह्या सुनेची पोळी पाहाय, पलीकडचं माणूस दिसते."

नवरा धनराज मौद्याकडच्या वीज प्रकल्पात ठेकेदाराकडे कामाला. मुलगी प्राची तेव्हा अकरावीला. घर भाड्याचं, पण हसतं-खेळतं होतं.

गच्चीवर

एका फ्लॅटच्या गच्चीवर कार्यक्रम होता. निम्म्या पोळ्या झाल्या होत्या. उजव्या हातावरची पोळी घसरली आणि मडक्याच्या कडेला लोंबकळली. उचलायला गेले तर हात आलाच नाही. मी त्याच्याकडे बघत राहिले.

"काहून वं, झोपली का?" आत्याबाई म्हणाल्या.

नाही म्हणायला गेले आणि तोंडातून भलताच आवाज निघाला. माझं मलाच हसू आलं. ते हसू बघून आत्याबाईंच्या हातातला गोळा खाली पडला. अर्धंच तोंड हसत होतं, हे मला नंतर कळलं.

ऑटोत घालून धंतोलीच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने सांगितलं की बीपी वाढून मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा अडला आहे, उजवा हात आणि पाय त्यामुळे गेला. बीपी होता हे आम्हाला माहीतच नव्हतं. आत्याबाईंनी एकच विचारलं, "म्हणजे लकवा ना?" डॉक्टर हो म्हणाले. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या.

प्राचीचे पप्पा मौद्याहून मोटारसायकलवर आले. आयसीयूच्या काचेतून मला एक हेल्मेट घातलेला माणूस दिसला. कुठला पोलीस आला असं वाटलं. हेल्मेट काढायचं भान त्यांना नव्हतं. काचेला हेल्मेट टेकवून ते रडत होते.

वॉर्डात

थोड्या दिवसांनी सरकारी दवाखान्यात हलवलं. तिथला दिवस फिनाईलच्या वासाने सुरू व्हायचा. मग चादर, मग गोळ्या, मग डॉक्टरांचा राउंड. राउंडच्या वेळी नातेवाईकांना बाहेर काढायचे आणि नेमकी तेव्हाच मला भीती वाटायची. माझी वाचा अडखळत होती, कुणी काही विचारलं तर काय सांगू? शेजारच्या खाटेवर भंडाऱ्याकडची एक म्हातारी होती. ती माझ्या वतीने डॉक्टरांशी भांडायची. माझं नावसुद्धा तिला धड माहीत नव्हतं, पण "या पोरीचं आधी पाहा" म्हणायची. असं माणूस भेटणं हे औषधच आहे.

सगळ्यात वाईट वेळ अंघोळीची. प्राची मला पुसून काढायची. सोळा वर्षांची पोर, आईचे कपडे बदलताना नजर दुसरीकडे ठेवायची. मला मरून जावंसं वाटायचं. हे मी स्पष्टच लिहिते, कारण माझ्यासारख्या कुणाला वाटत असेल तर ती एकटी नाही.

आणि मग ती फिजिओथेरपीवाली मॅडम. लहानखुरी, प्राचीपेक्षा थोडी मोठी दिसायची, पण आवाज मास्तरणीचा. रोज येऊन माझी बोटं एकेक उघडायची, मनगट वळवायची. मी कुरकुरले की म्हणायची, "ओरडा ताई, मी बहिरी आहे." काही आठवड्यांनी एका सकाळी माझ्या अंगठ्याने आणि पहिल्या बोटाने टॉवेलचं टोक धरलं. पडू दिलं नाही. आत्याबाईंनी तो टॉवेल घरी जाईपर्यंत कुणाला वापरू दिला नाही.

"हात यायला लागला," मॅडम म्हणाली. "आता हेच महिने सोन्याचे. एक दिवस सोडायचा नाही."

सुट्टी झाल्यावर रोज तिच्याकडे जायला लागले. चालताना काठी आणि प्राचीच्या पप्पांचा खांदा लागायचा. पण हात सुधारत होता. चमचा धरायला लागले होते. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी हवेत पोळी लांबवायची. पोळी फाटायची, पण हात फिरायचा.

कागद

पुढे काय, हा प्रश्न घरात आला तो अशा वेळी. माझी कमाई बंद, प्राचीचं कॉलेज, औषधं. कुणी सांगितलं की अपंगत्वाचा दाखला काढा, मग दरमहा पेन्शन लागते. दाखल्यासाठी सरकारी डॉक्टरांचा बोर्ड तपासतो आणि टक्के देतो. चाळीस टक्क्यांच्या वर गेलं तर पुढचं दार उघडतं. आम्ही अर्ज केला. आजार अजून ताजा आहे, काही महिन्यांनी तपासू, असं उत्तर मिळालं.

त्याच आठवड्यात गल्लीतले एक काकाजी भेटायला आले. माणूस चांगला, मायेचा. जयभीम घालून बसले, माझी विचारपूस केली. मी कौतुकाने उजव्या हाताने त्यांना बिस्किटाची बशी सरकवून दाखवली. ते खूश व्हायच्या ऐवजी दचकले.

"धनराज, हे काय करून राहिले गा तुम्ही?" ते हळूच म्हणाले. "माह्या साळ्यानं बोर्डासमोर पाण्याचा गिलास उचलला. झालं! चाळीसच्या खाली दिले त्याले. आता बसला बोंबलत. हात असा चालला त कोण देते दाखला?"

जेवताना प्राचीचे पप्पा म्हणाले, "बोर्ड होऊ दे. तोवर हाताले काही करू नको. आधी कागद, मग हात. हात काय पळून चालला का?"

मी आत्याबाईंकडे बघितलं. त्यांनी विचार केला आणि आमच्या धंद्यातलं सांगितलं. "कणीक भिजवून ठेवली त बिघडते का वं? उलटी जास्त लांबते. ठेव थोडे दिवस."

आणि ते मला पटलं. हे नीट समजून घ्या. मला कुणी जबरदस्ती केली नाही. कणीक ठेवली की मऊ होते, ताणायला सोपी जाते, हे मी माझ्या हातांनी हजारदा बघितलं होतं. हात वेगळा असेल हे मला सुचलंच नाही. मॅडमला प्राचीने फोन करून खोटंच सांगितलं की आम्ही गावी चाललो. मॅडम म्हणाली, तिथे घरी करत राहा हं, सोडू नका. प्राचीने हो म्हटलं आणि फोन ठेवून पाय आपटत आत निघून गेली.

वाट

वाट बघणं म्हणजे काय, ते ज्याने बघितली त्यालाच कळेल. बोर्डाची तारीख मिळाली की घरात सण असल्यासारखं व्हायचं. पप्पा ड्यूटी बदलून घ्यायचे, आत्याबाई डबा करायच्या, मला इस्त्रीची साडी नेसवायच्या. मग तिथे गेलं की कधी साइट बंद, कधी तज्ज्ञ डॉक्टर रजेवर, आणि दोन्ही जागेवर असले तर लाईट नाही. एकदा आमचा पत्ता आधार कार्डावर जुना निघाला. एकदा आमचा नंबर येईपर्यंत वेळ संपली. खिडकीतला माणूस वाईट नव्हता. तो सगळ्यांना एकाच आवाजात "पुढच्या वेळी या" म्हणायचा. दिवसभर तेच म्हणून त्याचाही आवाज विटला असेल.

यातून जाणाऱ्यांना चार गोष्टी सांगते. रिकाम्या पोटी जाऊ नका, बीपीची गोळी चुकवू नका. बरोबर कुणाला तरी न्या, पण रोज चिडणाऱ्याला नेऊ नका. तिथे भेटलेल्या लोकांशी बोला, त्यांना खिडकीतल्या माणसापेक्षा जास्त माहीत असतं. आणि परत आल्यावर घरच्यांनी "झालं का?" असं दारातच विचारू नये. आधी पाणी द्यावं.

पण पाचवी गोष्ट कुणीतरी मला सांगायला हवी होती.

आमच्या घरात माझा हात हलला की चोरी पकडल्यासारखं व्हायचं. चमचा पडताना मी झेलायला गेले की आत्याबाई ओरडायच्या, "ठेव वं हात!" हाताला हलायची सवय राहू नये म्हणून प्राचीची ओढणी गळ्यात अडकवून त्यात हात बांधून ठेवला. पाहुणे आले की पप्पा आधी माझ्या हाताकडे बघायचे, मग पाहुण्यांना या म्हणायचे. सुरुवातीला त्या ओढणीत माझी बोटं आपोआप हलायची. मला ती दाबून धरावी लागायची. स्वतःच्या हाताला गप्प बसवणं फार विचित्र वाटतं. नंतर दाबावं लागेनासं झालं आणि मी म्हटलं, बरं झालं, सवय लागली.

प्राचीला मात्र राहवेना. मोबाईलवर लकव्याचं काय काय बघून एके दिवशी तिने ओढणी सोडली. पप्पा तेव्हाच कामावरून आले.

"बांध ते," ते म्हणाले.

"पप्पा, हात मम्मीचा आहे का तुमचा?"

"मले शौक आला का गं?" त्यांचा आवाज चढला. "तुही फी कोण भरन? उद्या बोर्डानं हाकललं त काय करू मी? सांग ना, काय करू?"

त्या दिवशी कुणी जेवलं नाही. तिने स्वतःच ओढणी पुन्हा बांधली, इतक्या हलक्या हाताने की मला रडू आलं. बाप-लेक त्यानंतर कामापुरतंच बोलायला लागले. आजार एका अंगाला होतो म्हणतात, पण आमचं सगळं घर एका बाजूला झुकलं होतं.

मग एका दुपारी आत्याबाई माझी नखं काढायला बसल्या. डाव्या हाताची झाली. उजवा हात मांडीवर घेतला.

"उघड वं मूठ."

"उघडली ना," मी म्हणाले. मला खरंच वाटत होतं की मी उघडली.

त्यांनी बोटं सरळ करायला घेतली. येईनात. जोर लावला तशी मी किंचाळले. नखं तळव्यात रुतली होती आणि तिथली कातडी ओली, पांढरी पडली होती. वास येत होता. मनगट आत वळून लाकडासारखं झालं होतं. त्या माउलीने आयुष्यभर कणीक हाताळली, कुठला गोळा सुटेल आणि कुठला सुटणार नाही हे त्यांना बोट लावताच कळायचं. त्यांनी नेलकटर खाली ठेवलं.

"धनराजले सांगू नको," म्हणाल्या. "बोर्ड जवळ आलं."

मी सांगितलं नाही. मनात म्हटलं, कागद होऊ दे, मग मॅडमकडे जाऊ, ती ओरडेल आणि मूठ उघडून देईल.

बोर्ड

शेवटी एकदाची सगळी माणसं एकाच दिवशी हजर होती. तपासायला एक वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या, चष्मा नाकावर उतरलेला, शांत. त्यांनी मला दारापासून टेबलापर्यंत चालवलं. काठी बाजूला ठेवून चालायला सांगितलं, मी दोन पावलांतच कलंडले. घरी कुणाची मदत लागते, अंघोळ कशी करता, बोलताना शब्द अडतो का, सगळं विचारलं. पप्पा माझी काठी धरून मागे उभे होते.

मग त्यांनी हात घेतला. मूठ उघडायचा प्रयत्न केला आणि माझ्या तोंडाकडे बघून सोडून दिला.

"हात सुरुवातीपासून असाच आहे?"

"नाही," मी म्हणाले. "आधी चमचा धरत होते."

"मग व्यायाम बंद केला का?"

मी काही बोलले नाही. पप्पाही नाही. असे गप्प झालेले लोक त्यांनी पुष्कळ बघितले असावेत. पेन ठेवून त्यांनी चष्मा काढला.

"बोर्डासाठी?"

पप्पांनी मान हलवली.

"अहो भाऊ," त्या म्हणाल्या, रागावल्या नाहीत, आणि ते जास्त लागलं. "लकव्यात नुसता हात नाही बघत आम्ही. माणूस एकंदर किती परावलंबी आहे ते बघतो. यांचं चालणं बघा. काठीशिवाय उभं राहता येत नाही, अंघोळीला माणूस लागतं. तेवढ्यावरच चाळीसच्या वर जातं. हात चांगला असता तरी दाखला मिळालाच असता."

त्या खोलीत पंखा चालू होता, बाहेर नंबर पुकारत होते, आणि मला ते सगळं फार लांबून ऐकू येत होतं. हात चांगला असता तरी. मी पप्पांकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर काय केलं असतं, मला अजून माहीत नाही.

दाखला झाला. कायमस्वरूपी असा शब्द त्यावर आला. ज्या कागदासाठी आम्ही इतके दिवस झुरलो, त्याच्यावर.

परत येताना पप्पांनी मोटारसायकल रस्त्याच्या कडेला उभी केली. मला वाटलं पेट्रोल संपलं. ते हँडल धरून तसेच बसून राहिले, आणि मी मागे बसून त्यांची पाठ हलताना बघत होते. माझा डावा हात त्यांच्या खांद्यावर होता. मी तो काढला नाही आणि थोपटलंही नाही.

नंतर

मॅडमकडे गेलो. तिने हात बघितला आणि बराच वेळ नुसताच धरून ठेवला. त्या दिवशी मास्तरणीचा आवाज नव्हता. कुणी सांगितलं होतं थांबायला, असं तिने विचारलं, तेव्हा माझ्याआधी पप्पा बोलले, "मी." आत्याबाई म्हणाल्या, "मी पण." मॅडम म्हणाली, शेक आणि व्यायामाने मूठ थोडी सैल होईल, तळवा धुता येईल, नखं काढता येतील. ऑपरेशनचं नंतर बघू. आत्याबाईंनी विचारलं, "अन् पोळी?" ती खिडकीकडे बघायला लागली.

पेन्शनचं म्हणाल तर दाखल्यानंतर वेगळा अर्ज असतो, उत्पन्नाचा दाखला असतो, कमिटीची बैठक असते. ती बैठक अजून व्हायची आहे. म्हणजे वाट अजून बघतोच आहोत. आता मात्र रोज सकाळी कामावर जायच्या आधी प्राचीचे पप्पा गरम पाण्याचं घमेलं घेऊन माझ्यासमोर बसतात आणि एकेक बोट सोडवतात. दुखतं. ते विचारतात, "दुखून राहिलं का?" कधी मी नाही म्हणते आणि कधी मुद्दाम हो म्हणते. राग गेलेला नाही. माया पण गेलेली नाही. दोन्ही एकाच घमेल्यापाशी बसतात.

म्हणून ती पाचवी गोष्ट. वाट खुशाल बघा, ती सुटत नाही. पण व्यायाम एक दिवसही थांबवू नका, कुणी कितीही मायेने सांगितलं तरी.

हे मी लिहायच्या आधी पप्पांनी सांगून टाकलं. गेल्या रविवारी आम्ही विहारात गेलो होतो. वंदना संपली, सूचना झाल्या, कुणाला काही सांगायचं आहे का असं विचारलं. पुरुषांच्या बाजूने ते उठले. हा माणूस स्वतःच्या लग्नात दोन शब्द बोलला नव्हता. मला कल्पना नव्हती.

"माह्या बायकोचा हात येऊन राहिला होता," ते म्हणाले. "बोर्डासाठी मी तो बांधून ठेवला. आता तो येत नाही. दाखला तसाही भेटला असता. तुमच्या घरी कोणाले लकवा झाला त माह्यासारखं करू नका." ते तसेच उभे राहिले.

गल्लीतले ते काकाजी पुढच्या रांगेत खाली मान घालून बसले होते. आमच्याकडे कुणी दान दिलं, काही चांगलं सांगितलं की सगळे हात जोडून तीनदा साधू म्हणतात. त्यांचं तसं उभं राहणं कुणाला बघवेना म्हणून असेल, मागून कुणीतरी हळूच म्हटलं आणि सगळा विहार म्हणाला, साधू, साधू, साधू. आत्याबाईंनी हात जोडले. प्राचीने बापाकडे बघत हात जोडले. मीही डावा हात वर नेला, उजवा त्याच्याजवळ आणला, आणि माझा तळवा त्या मिटलेल्या मुठीवर येऊन थांबला.